न्हाणीवाले आप्पा

आप्पांना पाण्याचा ग्लास दिला की ते निम्मा पितात आणि उरलेला जमिनीवर ओततात. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकतात आणि ते पाणी कुठं जातंय ते बघत राहतात. घर कुणाचंही असो, घरात पाहुणे बसलेले असोत. आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोनं, सुजातानं, नुकतीच फरशी पुसली होती. आप्पांनी हॉलच्या मधोमध पाणी ओतलं, ते वाट काढत सोफ्याखाली गेलेलं पाहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मालक, तुमचा हॉल देवघराकडं कललाय." ते अशा सुरात म्हणाले की तो मीच कलवून ठेवलाय असं मला क्षणभर वाटलं.

खरं सांगायचं तर 'मालक' या शब्दानं मी विरघळलो होतो. माझं निम्मं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. आधी सणसवाडीत, मग शिक्रापुरात, मग कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत लागल्यावर दौंडात. भाडेकरूला लोक 'ते वरचे' म्हणतात, 'ते मागच्या खोलीतले' म्हणतात, मालक कुणी म्हणत नाही. चाळिशी गाठता गाठता दौंडात एक जुना फ्लॅट घेतला आणि तीनच आठवड्यांत हा उंच, काटकुळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला सत्तरीचा माणूस दारात उभा राहून मला मालक म्हणाला. पुढं दोन महिने त्यानं माझं काहीएक चालू दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

फ्लॅट तसा चांगला होता. दुसरा मजला, वारा भरपूर. रेल्वे जवळ असल्यानं मालगाडी गेली की फडताळातले कप किणकिणतात, एवढीच काय ती तक्रार. पण बाथरूम बघून सुजाता दारातच थांबली होती. कमरेपर्यंत चॉकलेटी टाइल्स, त्यांवर आधीच्या मालकांनी चिकटवलेले डॉल्फिनचे स्टिकर, गुलाबी बेसिन, कपडे धुवायला शहाबादी फरशीचा भला मोठा तुकडा आणि दाराशी वीतभर उंच उंबरा. नळ सोडला की पहिले दोन तांबे चहाच्या रंगाचं पाणी यायचं. आम्ही अंघोळी केल्या की खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या छताला घाम फुटायचा. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून आम्ही दोघांनी ते चालवूनही घेतलं असतं. पण तात्यांचं काय करायचं हा प्रश्न होता.

तात्या म्हणजे माझे वडील. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तात्या सोसायटीचे चेअरमन होते आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. उघड्या अंगानं आम्हा भावांनाही ते कधी दिसले नाहीत. पहाटे अंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालूनच ते आमच्यापुढं यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण डावा हात गेला आणि डावा पाय ओढत काठीनं चालायची वेळ आली. गावी धाकटा भाऊ असतो. तो सणसवाडीला कामाला जातो. ड्यूटीला निघायच्या आधी तो तात्यांना मागच्या अंगणात दगडावर बसवायचा आणि घाईघाईनं अंघोळ घालायचा. तात्यांनी हळूहळू अंघोळच टाळायला सुरुवात केली. विचारलं की "परवाच केली" म्हणायचे.

दौंडात दवाखाना जवळ, व्यायाम करून घेणारी बाई घरी येणारी, म्हणून मी त्यांना आमच्याकडं चला म्हणत होतो. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की रोजचा व्यायाम झाला नाही तर पायही जाईल. तात्यांनी एकच अट घातली. "दार लावून माझी मी आंघूळ करता आली तर येतो. लेकाच्या नि सुनंच्या हातनं न्हायाला मी काय तान्हं पोर न्हाई."

म्हणून मी बाथरूम नवं करायला काढलं. माझ्या मोबाइलमध्ये तयारी जय्यत होती. काचेचं पार्टिशन, पावसासारखा पडणारा शॉवर, संगमरवरासारख्या चकचकीत टाइल्स. टाइल्सच्या दुकानदारानं फोटो शांतपणे पाहिले, तात्यांची हकीकत ऐकली आणि म्हणाला की तुम्ही आप्पांना बोलवा, माणूस तऱ्हेवाईक आहे पण काम पाण्यासारखं स्वच्छ आहे.

आप्पा गवंडी खरे, पण ते फक्त न्हाणी करतात. भिंत बांधत नाहीत, हॉलची फरशी बसवत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "हॉलमधी माणूस कपडे घालून असतो. त्याला कसली बी फरशी चालती." बाथरूम हा शब्द त्यांना माहीत आहे, पण वापरत नाहीत. त्यांच्या मते बाथरूम कंपनीत असतं, घरात न्हाणी असते. शिक्रापूरला भाड्याच्या खोल्यांची लाट आली तेव्हा त्यांनी एका मालकाच्या दहा खोल्यांना मिळून एक न्हाणी बांधायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली. मालक उतार दाराकडं काढा म्हणत होता, पाइप वाचतो म्हणून. "पाणी भाईर, आन् माणूस पाण्यात," एवढं म्हणून आप्पांनी थापी पिशवीत टाकली होती. मी शिक्रापुरात ज्या खोलीत राहिलो तिथंही पाणी दाराकडंच यायचं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा जरा मायेनं पाहिलं.

उताराचं हे वेड त्यांच्या बालपणातलं. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि आप्पाही आठ-नऊ वर्षांचे होईतो बरोबर असायचे. मुक्कामाची जागा ठरवायचं काम पोरांकडं. रात्रीत पाऊस आला तर कोकरांखाली पाणी जाता कामा नये, म्हणून जागेवर आधी तांब्याभर पाणी ओतून बघायचं. पुढं जमीन घेतली, मेंढरं गेली, आप्पा गवंडीकाम शिकले, पण तांब्या ओतायची सवय राहिली. उताराला ते ढाळ म्हणतात आणि कुठल्याही वादात त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. "पाण्याला इचारू." मी त्यांना मोबाइलवर उतार मोजायचं अ‍ॅप दाखवलं होतं. प्रयोगशाळेत काम करतो, दशांश चिन्हाच्या पुढचे दोन आकडे दिसले की मला बरं वाटतं. आप्पांनी मोबाइल हातात घेऊन उलटसुलट केला, परत दिला आणि शेजारी पाणी ओतलं.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी हातोडा पडेल. पण त्यांच्या नमनालाच घडाभर तेल. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "मालक, आंघूळ करून दाखवा."

मी म्हटलं, आत्ता?

"कपड्यांवर. नुसते हातवारे करा."

मी कंपनीच्या युनिफॉर्मवर, पालथ्या बादलीवर बसलो आणि रिकाम्या तांब्यानं अंगावर हवा ओतू लागलो. आप्पा पेन्सिल घेऊन भिंतीवर खुणा करत होते. कोपर इथं लागतं, हात साबणाला इथं जातो. मी साबण उजवीकडं शोधतो आणि ठेवतो डावीकडं, हे त्यांनी मला सांगितलं. पंधरा वर्षं मी रोज सकाळी साबण शोधत होतो आणि दोष सुजाताला देत होतो. ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती, त्यामुळं पुढचे चार दिवस घरात साबणाचा विषय निघाला की मला गप्प बसावं लागलं. तिची वेळ आली तेव्हा मात्र आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि तोंडी विचारत गेले. केस धुताना बसता का उभ्या राहता, कोरडे कपडे कुठं टाकता, खिडकीतनं समोरच्या बिल्डिंगीतलं दिसतं का. इतकी वर्षं भाड्याच्या घरांत राहून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग मी तात्यांची अंघोळ करून दाखवायला घेतली. डावा हात लोंबकळत ठेवला, पाय ताठ केला, तोंड वाकडं केलं. आप्पांनी अर्ध्यातच थांबवलं. लुळा हात असा लटकत नाही, माणूस तो सांभाळून असतो, असं म्हणाले आणि खरा माणूस कुठं आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी आप्पांना मोटरसायकलवर मागं बसवून गावी नेलं.

तात्या ओसरीवर बसले होते. भावजयीनं पाणी आणलं. आप्पांनी निम्मं प्यायलं आणि उरलेलं ओसरीवर ओतलं. तात्यांच्या कपाळावरची शीर उठलेली मला दिसली. मी काही सारवासारव करणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, "वसरीला ढाळ बेस हाय. करून घेणारा शाना हुता." ती आपणच उभं राहून करून घेतल्याचं तात्यांनी सांगितलं. एवढ्यावर गाडी रुळावर येईल असं मला वाटलं. तोवर आप्पांनी आंघूळ करून दाखवा म्हटलं.

तात्या लालबुंद झाले. हा माणूस कोण, याला कुणी आणला, अशा अर्थानं त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला तिथून चौफुल्यापर्यंत चालत जावंसं वाटलं. आप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते उठले, मागच्या अंगणात गेले, डोक्याचा पंचा सोडून त्यानं स्वतःचा डावा हात पोटाशी बांधला आणि कपड्यांनिशी दगडावर बसून खोटी अंघोळ करू लागले. तात्या काठी टेकत मागच्या दारापर्यंत आले आणि चौकटीला टेकून बघत राहिले.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "असं न्हाई. आधी पाय वले करायचे."

आप्पांनी पाय ओले केले. तात्या म्हणाले की तांब्या इतका वर गेला तर तोल जातो. आप्पांनी तांब्या खाली घेतला. असं करता करता दोघांचा जम बसला आणि शेवटी आप्पा उठले आणि तात्या त्या दगडावर बसले. भावाला आणि मला आत जायला सांगण्यात आलं. चेअरमन असतानाही तात्यांची एवढी लांब मीटिंग मी पाहिली नव्हती. आत बसून आम्ही ऐकत होतो. तात्या सांगत होते, "बसायला कायबी वाटत न्हाई. उठताना डोळ्यांत साबण असतो. तवा धरायला काय गावत न्हाई आन् मग लेकाला हाक मारावी लागती. ती हाक मारायला नको वाटतं." भावानं माझ्याकडं पाहिलं. वर्षभर आम्ही दोघं त्यांना पडायची भीती वाटते असं धरून चाललो होतो.

परत आल्यावर कामाला खरा जोर आला. दोन गड्यांनी चॉकलेटी टाइल्स डॉल्फिनसकट फोडून नेल्या. उंबरा गेला. मी सुट्टीच्या दिवशी मोठ्या उत्साहानं त्या संगमरवरी टाइल्सचे चार खोके घेऊन आलो, आप्पांना चकित करावं म्हणून. आप्पांनी एक टाइल काढली, जमिनीवर ठेवली, साबणाचं पाणी चोळलं आणि म्हणाले, हुबं राहा. मी उभा राहिलो आणि लगेच सुजाताच्या खांद्याला लटकलो. ते खोके आता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागले आहेत आणि फार सुंदर दिसतात. न्हाणीत खरबरीत, राखी रंगाच्या टाइल्स आल्या, ज्या मी मोबाइलमधल्या कुठल्याच फोटोत पाहिल्या नव्हत्या. शॉवरचं काचेचं पार्टिशन तर मी स्वतःच विसरून गेलो, म्हणजे तसं मी सगळ्यांना सांगतो. कपडे धुवायची शहाबादी फरशी मात्र आप्पांनी टाकू दिली नाही. ती कापून, खडबडीत बाजू वर करून त्यांनी तात्यांच्या गुडघ्याच्या उंचीचा बसायचा ओटा केला. उजव्या हाताला दोन दांडे बसवले. एक बसताना धरायचा आणि दुसरा, जरा पुढं आणि खाली, डोळे मिटलेले असताना हाताला आपोआप लागेल असा.

फरशीखालचं सिमेंट वाळल्यावर त्यांनी न्हाणीत चार बोटं पाणी भरून ठेवलं आणि खाली मास्तरांकडं जाऊन त्यांच्या छताकडं बघत बसले. दोन दिवस. मास्तर जेवायला बसायचे, बातम्या बघायचे, दुपारी आडवे व्हायचे, आणि आप्पा खुर्चीत मान वर करून. मास्तरांच्या बायकोनं सुजाताला विचारलं की ते जेवतात तरी कधी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी छताला हात लावून पाहिला, तो कोरडा निघाला, आणि मग ते मास्तरांकडंच जेवले. मास्तर म्हणाले, एवढ्या बारकाईनं आमच्या घराकडं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

दाराचंही त्यांनी उलटं केलं. सगळ्यांच्या बाथरूमचं दार आत उघडतं, आमचं बाहेर उघडतं. माणूस आत पडला तर दार आत ढकलून उघडत नाही, पडलेल्यालाच लागतं. हे ऐकून मी मान डोलावली. आणि मग त्या दाराला आतून लावायला कडी आली आणि आमचं बिनसलं.

मी म्हटलं, कडी नको. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, सुजातालाही भीती वाटत होती. नुसतं दार ओढून घेतील, आम्ही काय आत डोकावणार आहोत? मी दोन महिने सगळं ऐकून घेतलं होतं, या एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. माझा आवाजही चढला असेल.

आप्पा म्हणाले, "तात्यांनी काय म्हणलं हुतं? दार लावून. कडी न्हाई त्याला दार म्हणत न्हाईत, मालक. त्यो पडदा."

मी म्हटलं, घर माझं आहे.

आप्पांनी थापी, ओळंबा, पेन्सिल पिशवीत घातली आणि निघून गेले. दोन दिवस आले नाहीत. त्यांचा साधा बटणांचा फोन बंद. तात्यांना आणायचा दिवस ठरला होता, दाराला चौकटीपाशी अजून भगदाड होतं, आणि मी घराचा मालक म्हणून त्या भगदाडाकडं बघत बसलो होतो. मालकी म्हणजे काय ते मला त्या दोन दिवसांत नीट कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आप्पा आत आले, एक शब्द न बोलता न्हाणीत गेले आणि खिशातनं एक कडी काढली. आतून फिरवली की लागते, आणि बाहेरच्या बाजूला एक खाच, तिच्यात रुपयाचं नाणं घालून फिरवलं की उघडते. पुण्याला जाऊन शोधून आणली होती. मला आत कोंडून त्यांनी ती दहा वेळा बाहेरून उघडून दाखवली. मग सुजाताला डोळे मिटून उघडायला लावली. तिनं तीन वेळा उघडली आणि कडी राहू दे म्हणाली. बहुमतानं माझा ठराव पडला.

रविवारी भावानं तात्यांना गाडीतनं आणलं. सोमवारी सकाळी तात्या टॉवेल आणि धुतलेले कपडे खांद्यावर टाकून न्हाणीकडं निघाले तेव्हा आप्पा आधीच येऊन दाराबाहेर स्टुलावर बसले होते. काम झालं होतं, हिशेब मिटला होता, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि आत गेले. दार ओढलं गेलं. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं उभे होतो. सुजाताच्या मुठीत रुपयाचं नाणं होतं. आतून तांब्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा आला, पुन्हा तांब्या. मग सगळं थांबलं. मी घड्याळात बघत होतो. पाच मिनिटं झाली, सात झाली. मालगाडी गेली, कप किणकिणून थांबले आणि आतून काहीच नाही. मी दार वाजवायला पुढं झालो तर आप्पांनी माझं मनगट धरलं.

"हाक मारू नका."

मी म्हटलं, आप्पा, आवाज येत नाही.

"साबण लावत्यात. एका हातानं येळ लागतो." त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. दाराकडंच बघत, हळू आवाजात बोलू लागले. "आमच्या मंडळीला असंच झालतं. सात वर्सं. मी रोज दाराशी हुबा. झालं का गं, पडली का गं. जरा गप झाली का हाक. मग एक दिवस कडीच काढून टाकली. म्हणलं, पडली तर दार कवा फोडायचं. त्या दिवसापास्नं ती लुगडं नेसूनच न्हायला लागली."

मी दारापासनं एक पाऊल मागं आलो.

"वल्या लुगड्यात न्हाली, शेवटपातूर. कधी बोलली न्हाई. मला वाटायचं, मी लई करतूय तिचं."

सुजातानं तोंड फिरवलं. मी गेलं वर्षभर रोज संध्याकाळी गावी फोन करून भावाला विचारत होतो, आज अंघोळ घातली का? घातली का, म्हणून. तात्या शेजारीच बसलेले असायचे.

आत तांब्या वाजला. पाणी पडलं, मग खाकरल्याचा आवाज आला, नाक शिंकरल्याचा आला. माझ्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मला वाटलं आणि मी भिंतीला टेकून खालीच बसलो. आणखी कितीतरी वेळानं कडी निघाली. तात्या दारात उभे होते. केस विंचरलेले, मानेला पावडर, सदऱ्याची दोन बटणं चुकीच्या काजात गेलेली. ती नीट करायला माझा हात पुढं झाला होता, तो मी मागं घेतला.

"उद्या पाणी जरा कडक ठेवा," तात्या म्हणाले.

सुजाता हो म्हणाली आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. ती तिथं हसत होती का रडत होती ते मी बघायला गेलो नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. पायाची भीती गेली नव्हती, व्यायाम अजून सुरू व्हायचा होता, पण तात्या राहणार होते. त्या रात्री त्यांनी पिशवीतनं कपडे काढून कपाटात लावून घेतले, तेव्हा ते मला समजलं.

आप्पा उठले आणि पिशवी खांद्याला लावली. तात्यांनी त्यांना थांबवलं.

"तुमची झाली का आंघूळ?"

"घरी करंन की."

"घरी कोन असतं?"

"कोन न्हाई. मी यकटाच."

तात्यांनी न्हाणीच्या दाराकडं मान वळवली. मग म्हणाले, "मंग जा आत. पाणी गरम हाय."

आप्पा चपापले. आजवर शेकड्यांनी न्हाण्या बांधल्या पण दुसऱ्याच्या न्हाणीत कधी न्हालो नाही, असं काहीतरी पुटपुटले. तात्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये लावायचे तो आवाज लावला. "जा म्हणतूय न्हवं." मी कपाटातनं नवा टॉवेल आणि माझा एक धुतलेला सदरा काढून दिला. आप्पांनी पिशवी खाली ठेवली, डोक्याचा पंचा सोडला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. कडीचा आवाज आला नाही.

"कडी लावा," तात्या बाहेरून म्हणाले.

कडी लागली. तात्या काठी भिंतीला टेकवून स्टुलावर बसले. पंधरा-वीस मिनिटांनी सुजाता चहाचं विचारायला आली. आप्पांना हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तोच तात्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "न्हाऊ दे निवांत." सुजातानं स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण उतरवून ठेवलं, आणि आम्ही तिघं दाराबाहेर बसून राहिलो.